‘भावना दुखावल्या’चा गुन्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन, एकांकिका बसवणारी मुलं, शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या श्रद्धेला खरोखर ठेच लागली अशी माणसं, सगळेच मला प्रश्न पाठवतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एकच मुद्दा दोनदा यायला नको म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमचं स्वतःचं प्रकरण सुरू असेल तर कागद घेऊन तुमच्या वकिलाला भेटा. हे पान त्या भेटीची तयारी म्हणून वाचा.

१. भारतात ईशनिंदेचा कायदा आहे का?

त्या नावाचा नाही. देवाची, प्रेषिताची किंवा धर्मग्रंथाची निंदा हा आपल्याकडे आपोआप गुन्हा ठरत नाही. कायदा विचार करतो तो माणसांचा. नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना मुद्दाम, दुष्ट हेतूने दुखावण्यासाठी त्यांच्या धर्माचा अपमान केला, तर तो गुन्हा आहे. आधी ते भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. हे कलम सगळ्या धर्मांना सारखं लागू आहे आणि त्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही.

२. हे कलम आलं कुठून? इंग्रजांनी आणलं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण ते आलं दोन टप्प्यांत. मेकॉलेने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला. ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्यावा आणि कोणी दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू नये, हे त्यामागचं सूत्र होतं. १८६० च्या संहितेत प्रार्थनास्थळाची विटंबना, धार्मिक सभेत अडथळा, दफनभूमीत अतिक्रमण, समोरच्याला ऐकू जाईल असं मुद्दाम बोलून त्याच्या धार्मिक भावना दुखावणं असे गुन्हे होते. छापील मजकुरासाठी मात्र वेगळं कलम नव्हतं.

१९२४ मध्ये लाहोरात ‘रंगीला रसूल’ नावाची पुस्तिका निघाली. प्रेषित महंमदांच्या खासगी आयुष्यावर ती विखारी भाषेत लिहिलेली होती. प्रकाशक राजपाल यांच्यावर कलम १५३-अ, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवण्याचा खटला चालला आणि खाली शिक्षा झाली. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडलं. मजकूर वाईट आहे, पण दिवंगत धर्मपुरुषावरची टीका या कलमात बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यावर मोठं आंदोलन पेटलं आणि त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने २९५-अ मंजूर केलं. त्या चर्चेत महंमद अली जिना यांनी बजावलं होतं, की इतिहासाचा शोध घेणारे आणि प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणारे यांना या कलमातून संरक्षण मिळालंच पाहिजे. ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द कलमात का आहेत, ते या चर्चेवरून कळतं.

पुढचं सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. कायदा आला, तरी १९२९ मध्ये राजपाल यांचा त्यांच्या दुकानात खून झाला आणि मारेकरी इल्मुद्दीन फासावर गेला. असा कायदा नसेल तर रक्त सांडेल, असं जेव्हा जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा मला हे दोन मृत्यू आठवतात.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. हे कलम जन्मलं त्याच १९२७ सालच्या २५ डिसेंबरला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. कितीतरी लोकांच्या भावना त्या दिवशी दुखावल्या असतील. माणसाला पाणवठ्यावर जाऊ न देणाऱ्या ग्रंथाविरुद्ध बोलण्याची दुसरी कुठली सभ्य पद्धत त्या काळी उपलब्ध होती, हा प्रश्न मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारते.

३. नेमकं काय केलं तर हा गुन्हा होतो?

शब्द बोललेले असोत वा लिहिलेले, खुणा, चित्रं, व्हिडिओ, इलेक्ट्रॉनिक माध्यम, काहीही चालतं. त्यातून एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धेचा अपमान व्हायला हवा किंवा तसा प्रयत्न व्हायला हवा. त्याच्या जोडीला हेतू लागतो. तो हेतुपुरस्सरही हवा आणि दुष्टही हवा. एक असून भागत नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

हेतूबद्दल सगळ्यांना समजणारं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. २०१३ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवून हातांत जाहिरातींच्या वस्तू दिल्या होत्या. आंध्रात तक्रार झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निष्काळजीपणे किंवा नकळत अपमान झाला, त्यामागे दुखावण्याचा दुष्ट हेतू नव्हता, तर हे कलम लागत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

४. पण समोरचा म्हणतोय की त्याच्या भावना दुखावल्या. मग झालाच ना गुन्हा? माप कुणाच्या भावनांचं धरायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. तक्रारदार खोटं बोलत नसेल, त्याला खरोखर वाईट वाटलं असेल. तरी त्याचं दुखणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

माप कुठलं, याचं उत्तर नागपुरातून आलं आहे. १९४६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारविरुद्धच्या एका खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या, धीट माणसाच्या मापाने जोखावा. दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नको. खटला धर्माचा नव्हता, राजद्रोही मजकुराचा होता. पण हे वाक्य तेव्हापासून चालत आलं आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाळणीवरच्या एका दूरदर्शन मालिकेच्या प्रकरणात ते वापरलं. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा कवितेचा गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी पुन्हा तोच निकष धरला. त्या एफआयआरमध्ये कलम २९९ सुद्धा होतं.

मी प्रत्येक अर्जात बोस यांचं ते वाक्य घालते. न्यायाधीश ते वाचतात. अडचण अशी आहे, की ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही.

५. राज्यघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं आहे. मग हे कलम घटनाबाह्य कसं ठरलं नाही?

प्रयत्न झाला होता. ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांना शिक्षा झाली होती आणि त्यांनी कलमालाच आव्हान दिलं. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम वैध ठरवलं. अनुच्छेद १९(२) मध्ये १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द आले होते. हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाचा रोख सुव्यवस्था बिघडवण्याकडेच असतो, म्हणून असं बंधन वाजवी आहे, असा न्यायालयाचा तर्क होता. त्याच निकालात हेही आहे, की प्रत्येक अपमानाला हे कलम लागू नाही, फक्त त्याच्या तीव्र प्रकाराला आहे.

माझ्या मते हा तर्क आज पुन्हा तपासायला हवा. प्रत्यक्षात दगड उचलणारा गट जितका मोठा, तितकी सुव्यवस्था ‘धोक्यात’ आणि तितका बोलणारा दोषी, असं होऊन बसतं. १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने सांगितलं, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. बोलणं आणि धोका यांचं नातं दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतकं जवळचं पाहिजे. हे दोन्ही निकाल आजही लागू आहेत आणि वकिली त्यांच्या मधल्या जागेत चालते.

६. एफआयआरवर २९५-अ लिहावं की २९९?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. घटना त्याआधीची असेल तर जुनं कलम, नंतरची असेल तर नवं. जुनं १५३-अ आता १९६ झालं आहे. समोरासमोर बोलून भावना दुखावण्याचं जुनं २९८ आता ३०२ आहे. त्यात १ वर्षापर्यंत शिक्षा आहे, ते जामीनपात्र आहे आणि पोलीस थेट दखल घेऊ शकत नाहीत. तुमच्यावर नेमकं कोणतं कलम लावलं आहे ते नीट बघा, सगळा फरक तिथे पडतो.

७. पोलीस लगेच उचलून नेतात का?

कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. अधिकार आहे म्हणून अटक केलीच पाहिजे असं नाही. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक यांत्रिकपणे करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं आहे. ही नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५(३) खाली निघते. विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये अटक झाली. महिनाभर तुरुंगात राहिल्यावर ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तो हीच पद्धत पाळली नव्हती म्हणून.

दुसरी ढाल नवी आहे. ३ ते ७ वर्षांच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय त्याच संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ती एरवी वापरलीच पाहिजे, असं प्रतापगढी निकाल सांगतो. त्या निकालाची प्रत मोबाईलमध्ये ठेवा आणि ठाण्यात दाखवा.

ठाण्यात काय होतं ते एकदा जवळून सांगते. महाविद्यालयातल्या मुलांनी एकांकिका केली. त्यात एक भक्त देवाशी भांडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या आवारात चाळीसेक जण जमले. तक्रारदाराने नाटक पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे बावीस सेकंदांची क्लिप होती. अंमलदाराने विचारलं, “आक्षेपार्ह वाक्य कोणतं ते सांगा, लिहून घेतो.” त्याला सांगता येईना. शेजारच्याने आपल्या मनाने एक वाक्य सांगितलं आणि तेच फिर्यादीत गेलं. संहितेत ते वाक्य कुठेच नव्हतं. फौजदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, गुन्हा दाखल केल्याशिवाय बाहेरचे हलणार नाहीत.” एकोणीस वर्षांचा लेखक माझ्याशेजारी बाकावर बसून सगळं ऐकत होता. रात्री दहाला त्याचा मोबाईल पंचनामा करून जमा झाला.

म्हणून संहितेची मूळ प्रत आणि पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण नेहमी जपून ठेवा. जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागा, जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. अटकेची भीती असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

८. सरकारची परवानगी लागते म्हणतात. मग माझ्यावर परवानगीशिवाय गुन्हा कसा दाखल झाला?

गुन्हा दाखल करायला, तपासाला आणि अटकेला परवानगी लागत नाही. न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याआधी मात्र केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १९६, नागरिक सुरक्षा संहितेचं नवं २१७). न्याय संहितेच्या कलम २९९ आणि १९६ या दोन्हींना ही अट आहे. किरकोळ तक्रारींवरून खटले उभे राहू नयेत म्हणून ही चाळणी ठेवली, पण ती इतक्या उशिरा लागते की तोवर माणसाचं जे व्हायचं ते होऊन जातं. तरीही दोषारोपपत्र हातात आलं की पहिल्यांदा मंजुरीचा आदेश शोधा. तो नसेल तर न्यायालयाला खटला पुढे नेता येत नाही.

९. मी फक्त फॉरवर्ड केलं. मी फक्त अ‍ॅडमिन आहे. माझं फक्त स्टेटस होतं. तरी गुन्हा?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅडमिन असल्यामुळेच कोणी दोषी ठरत नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे स्पष्ट केलं, सदस्याशी संगनमत किंवा आधी ठरवून केल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. (ते प्रकरण धर्माचं नव्हतं, तत्त्व तेच.)

फॉरवर्ड करणाराही ‘शब्द वापरणारा’च असतो. ‘मी लिहिलं नाही’ हा बचाव पुरत नाही. कुणाला पाठवलं, सोबत काय लिहिलं, यावरून हेतू पाहिला जातो.

स्टेटसचं म्हणाल तर २०२३ मध्ये त्याच खंडपीठाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दाखल झालेला २९५-अ चा गुन्हा रद्द करायला नकार दिला. स्टेटस आपल्या ओळखीच्या लोकांनी पाहावं म्हणूनच ठेवतात, तेव्हा जबाबदारीने वागा, असं न्यायालयाने सुनावलं.

१०. मी माझ्याच धर्मावर टीका केली. तरी लागू होतं का?

कलमात बोलणाऱ्याचा धर्म विचारलेला नाही, त्यामुळे लागू होऊ शकतं. पण सुधारणेसाठी बोलणारा हा दुष्ट हेतूचा माणूस नसतो आणि आतून बोलणाऱ्याच्या बाजूने हा मुद्दा चांगला मांडता येतो. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. देवळातल्या बकऱ्याविषयी आणि कर्ज काढून केलेल्या तीर्थयात्रेविषयी गाडगेबाबा भर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोक रात्र रात्र ऐकत बसत.

११. मी लिहिलं ते पोथीतलंच आहे, खरंच आहे. मग?

अब्रुनुकसानीत ‘सत्य आणि लोकहित’ असा अपवाद लिहिलेला आहे, या कलमात तसा नाही. पण मूळ ग्रंथाचा आधार, अभ्यासू मांडणी आणि संयत भाषा यांतून दुष्ट हेतू नसल्याचं दिसतं. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेश सरकारने जप्त केला होता. तो आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केला आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही (ललई सिंग यादव प्रकरण) सरकारचं अपील फेटाळलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण अजून बोलकं आहे. १९८७ मध्ये राज्य सरकारनेच आंबेडकरांच्या लेखनाच्या चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं, ते वगळा म्हणून मोर्चे निघाले, वगळू नका म्हणून त्याहून मोठा जनसमुदाय मुंबईत उतरला. शेवटी मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही, अशी टीप जोडली गेली. ज्यांना पटत नव्हतं त्यांचं म्हणणं टिपेत नोंदलं गेलं आणि पुस्तकही वाचकाच्या हातात राहिलं. इतका साधा मार्ग उपलब्ध असतो.

१२. महापुरुष किंवा नेत्याबद्दल लिहिलं तर हे कलम लागतं का?

महापुरुष आदरणीय असतात, पण ते धर्म नव्हेत. तरी गल्लत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पोलिसांनी सुरुवातीला २९५-अ लावलं आणि नंतर ते बदललं. त्या पोस्टमध्ये धर्माचा संबंधच नव्हता. सोबतचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालाने रद्द झालं. तुमच्यावर ६६-अ लावलं गेलं तर ते कलम आता अस्तित्वात नाही.

१३. पुस्तकावर बंदी कशी येते आणि ती उठते कशी?

राज्य सरकार अधिसूचना काढून प्रती जप्त करू शकतं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ९५, नागरिक सुरक्षा संहितेचं नवं ९८). कारणं आदेशातच द्यावी लागतात. ज्याला त्यात हितसंबंध आहे तो दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि तीन न्यायाधीशांचं पीठ ते ऐकतं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर २००४ मध्ये राज्याने बंदी घातली. त्या आधी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तकाशी असहमत असणाऱ्या अनेक अभ्यासकांनीही संस्थेच्या फोडलेल्या कपाटांबद्दल हळहळ व्यक्त केली होती, मीही त्यांतलीच.

दुसरा मार्ग आयातबंदीचा. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’ १९८८ मध्ये सीमाशुल्काच्या अधिसूचनेने थांबवलं गेलं. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचनाच कोणी सादर करू शकलं नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही असं गृहीत धरलं गेलं.

१४. आमच्या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे. आता निर्धास्त ना?

बऱ्याच अंशी. प्रमाणपत्र हा हेतू शुद्ध असल्याचा भक्कम पुरावा आहे, पण गुन्हा दाखल होण्याला ते कायमचा अटकाव करत नाही. चित्रपटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये असंच म्हटलं आहे. मंजूर संहितेबाहेरचं वाक्य रंगमंचावर घेऊ नका.

१५. बुवाबाजी किंवा चमत्कार उघड करणं म्हणजे भावना दुखावणं का?

नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर तो अध्यादेशाने आला. पूजा, कीर्तन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. ‘धर्मविरोधी कायदा’ म्हणणाऱ्यांना तो भाग वाचायला द्या.

तरी जपून चाला. २०१२ मध्ये मुंबईत इर्ला इथल्या वेलंकणी माउलीच्या चर्चबाहेरच्या क्रूसावरून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते बाटल्यांत भरून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी तपासून सांगितलं, की जवळच्या तुंबलेल्या निचऱ्याचं पाणी भिंतीतून केशाकर्षणाने चढतंय. त्यांच्यावर २९५-अ च्या तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. गटाराचं पाणी पिऊ नका एवढंच लोकांना सांगण्याची ही किंमत आहे.

१६. पाकिस्तानातला कायदा आणि आपला एकच का?

मूळ एकच. २९५-अ त्यांच्याकडेही आहे. जनरल झिया यांच्या काळात त्यांनी १९८२ मध्ये २९५-ब आणि १९८६ मध्ये २९५-क जोडलं. शेवटच्यात प्रेषितांच्या अवमानाला मृत्युदंड आहे आणि दुष्ट हेतूची अट नाही. याच कलमाखाली शिक्षा झालेल्या आसिया बीबी आठ वर्षं फाशीच्या छायेत राहून २०१८ मध्ये निर्दोष सुटल्या. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं. उलट ज्या इंग्लंडने आपल्याला ही संहिता दिली, त्याने आपला ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे शिक्षा वाढवा अशी मागणी करणाऱ्यांनी ‘हेतू’ हा शब्द गेल्यावर काय होतं, ते शेजारी पाहावं.

१७. माझ्या श्रद्धेची खरंच विटंबना झाली आहे. मी काय करू?

तुमचं दुःख खरं आहे. एक माळकरी आजोबा माझ्याकडे घडी घातलेला कागद घेऊन आले होते. विठोबाच्या चित्रावर कोणीतरी अश्लील जोडकाम केलं होतं. कागद टेबलावर ठेवताना त्यांनी तोंड फिरवलं. “पोराला तुरुंगात नका घालू, फक्त हे काढायला लावा,” म्हणाले. असं जोडकाम दुष्ट हेतूशिवाय होत नाही आणि हे कलम अशाच कृत्यासाठी आहे.

लिंक, तारीख आणि खात्याचं नाव नोंदवा. त्या मंचाकडे तक्रार करा, मग सायबर पोलिसांकडे. नेमका कोणता मजकूर, ते स्पष्ट लिहा. निषेध म्हणूनसुद्धा तो पुढे पाठवू नका. घोळका घेऊन ठाण्यात जाऊ नका, एकट्याच्या अर्जाचीही दखल घ्यावी लागते.

१८. माफी मागून प्रकरण मिटतं का?

कलम ३०२ मध्ये तडजोड होऊ शकते. कलम २९९ तडजोडपात्र नाही, दोन्ही बाजू राजी असल्या तरी गुन्हा उच्च न्यायालयातूनच रद्द करून घ्यावा लागतो. चूक झाली असं मनापासून वाटत असेल तर माफी जरूर मागा. वाटत नसेल तर दबावाखाली कबुलीसारखं काही लिहून देऊ नका, आधी वकिलाला दाखवा. गुन्हा दाखल झाल्यावर पोस्ट पुसली तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो.

१९. चार-पाच वर्षांपूर्वीची पोस्ट आता उकरली आहे. आणि चार जिल्ह्यांत तक्रारी आहेत.

३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दखल घेण्याची मुदतही ३ वर्षं आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं. एकाच मजकुरावर अनेक गुन्हे असतील तर ते एकत्र करून घेता येतात. तथ्यतपासणी करणारे पत्रकार मोहम्मद झुबैर यांना २०१८ च्या ट्वीटवरून जून २०२२ मध्ये अटक झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि उत्तर प्रदेशातले गुन्हे दिल्लीत एकत्र केले. ट्वीट करायला बंदी घाला ही मागणीही तेव्हा फेटाळली गेली.

२०. गुन्हा रद्द झाला. मोबाईल कसा परत मिळवायचा?

आदेशाची प्रमाणित प्रत जोडून दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. खरेदीची पावती किंवा आयएमईआय क्रमांक लागतो. गुन्हा रद्द होण्याची वाटही पाहू नका, तपासणी झाली की आधीच अर्ज करता येतो. प्रश्न ७ मधल्या मुलाचा मोबाईल चौदा महिन्यांनी मिळाला. सीलबंद पाकीट मुद्देमाल कारकुनासमोर उघडलं, सही केली, बाहेर येऊन चार्जिंगला लावला. सुरू झाल्यावर त्याने सगळ्यात आधी एकांकिकेची फाईल आहे का ते बघितलं. होती.